खरा बिल्ला, खोटी गोष्ट

शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्सचं काम चालू आहे, त्यामुळे मधूनमधून घरघर ऐकू आली तर तो तुमच्या इअरफोनचा दोष नाही.

नाण्यांच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की बाबा, तू स्वतः काय जमवतोस? सांगतो, पण हसू नका. मी सैनिकांच्या टोपीवरचे कापडी तुकडे जमवतो. दिवसभर कोड लिहायचा, रात्री भिंग घेऊन दोन इंचाच्या कापडाच्या कडा बघत बसायचं. आई म्हणते, यापेक्षा शिवणकाम शिकला असतास तर निदान माझे ब्लाउज तरी झाले असते.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. बेरेट म्हणजे ती एका बाजूला झुकलेली मऊ, लोकरीची, सपाट टोपी. आपल्या पॅराशूट रेजिमेंटची मरून बेरेट तुम्ही २६ जानेवारीच्या संचलनात पाहिली असेल. आपल्याकडे जवानाच्या बेरेटवर साधारणपणे धातूचा बिल्ला असतो. अमेरिकन सैन्यात त्या धातूच्या बिल्ल्याच्या मागे आणखी एक गोष्ट असते, ढालीच्या आकाराचा भरतकाम केलेला कापडी तुकडा. त्याला ते 'फ्लॅश' म्हणतात. कॅमेऱ्याचा नव्हे. रंगावरून कळतं की हा माणूस कोणत्या तुकडीचा. आकार साधारण सव्वादोन इंच उंच आणि पावणेदोन इंचांहून किंचित जास्त रुंद. एवढ्याशा कापडावर लोक शेकडो डॉलर घालवतात आणि एवढ्याशा कापडावर लोक फसतात. त्यात मी आलोच.

तीन वर्षांपूर्वी मी ऑनसाइट होतो, नॉर्थ कॅरोलायनात, रालेच्या जवळ. तिथून तासा-सव्वा तासावर फेएटव्हिल नावाचं गाव आहे. गावाला लागूनच फोर्ट ब्रॅग हा लष्करी तळ. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसचं, म्हणजे 'ग्रीन बेरे' म्हणतात त्या लोकांचं, हे मूळ घर. १९५२ साली त्यांचा पहिला गट, दहावा ग्रुप, इथेच उभा राहिला. गावात पॅराशूट आणि स्पेशल फोर्सेसचं मोठं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. मी काचेला नाक लावून दोन तास उभा होतो.

परत येताना रस्त्यात जुन्या वस्तूंचा बाजार लागला. आपला जुना बाजार असतो तसाच, फक्त पार्किंग मोठं. एका टेबलावर पाचव्या ग्रुपचे दोन फ्लॅश होते. काळी ढाल, पांढरी कड आणि मधून तिरपा पिवळा पट्टा, त्या पट्ट्यात तीन लाल रेघा. मळके, तपकिरी झाक आलेले. विकणारा म्हणाला, हे माझ्या काकांचे. १९६५ साली व्हिएतनाममध्ये, न्हा त्रांगला, तिथल्या शिंप्याकडून बनवून घेतलेले. एकाचे १४० डॉलर, दोन्ही घेतलेस तर २२०. मी दोन्ही घेतले. घासाघीससुद्धा केली नाही. काका म्हटल्यावर काय घासाघीस करणार?

आता गंमत अशी, की त्यानं सांगितलेल्या गोष्टीत चूक काढायला जागाच नव्हती. १९६१ सालच्या सप्टेंबरमध्ये पाचवा ग्रुप उभा राहिला, तेव्हा त्यांचा फ्लॅश नुसता काळा आणि पांढऱ्या कडेचा होता. त्याच ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी फोर्ट ब्रॅगला आले आणि आधी अनधिकृत असलेल्या हिरव्या बेरेटला मान्यता मिळाली. पुढे १९६४ मध्ये या ग्रुपचं मुख्यालय न्हा त्रांगला गेलं. मधला पिवळा-लाल पट्टा त्याच सुमाराला आला, आणि ते रंग दक्षिण व्हिएतनामच्या झेंड्याचे. म्हणजे कोणी तुम्हाला पट्टेवाला फ्लॅश '१९६२ चा' म्हणून विकत असेल तर तिथेच हात जोडा. पण हा म्हणाला १९६५. न्हा त्रांग म्हणाला. तिथले आणि सायगॉनचे शिंपी अमेरिकन सैनिकांना असे बिल्ले बनवून द्यायचे, हेही शंभर टक्के खरं. खोटी गोष्ट खऱ्या तपशिलांवर उभी केली की फार भक्कम उभी राहते.

पुण्याला परत आलो. कॉलेजचा एक ज्युनिअर आहे, त्यालाही हा नाद. त्यानं मागितला म्हणून दोनपैकी एक त्याला दिला, साडेनऊ हजारांना. नफा घेतला नाही. पण गोष्ट मात्र अख्खी दिली. काका, न्हा त्रांग, सगळं. आणि सांगताना मी त्यात थोडी भरही घातली, हे आता कबूल करतो.

मग झालं असं, की आमच्या मामाचं कोथरूडला मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर नोटा तपासायचा तो जांभळा दिवा असतो ना, तो. कुठेतरी वाचलं होतं की जुनं कापड अतिनील प्रकाशात चमकत नाही, नवं चमकतं. खिशात फ्लॅश होताच. दिव्याखाली धरला. पांढरी कड अशी पेटली, जशी दांडियाच्या मांडवात पांढरी बनियन पेटते! मामा म्हणाला, काय रे, खोटी नोट आहे का? मी म्हटलं, तसंच समज.

इथे जरा थांबतो, कारण इथे मी निष्कर्ष बरोबर काढला आणि कारण चुकीचं धरलं.

धागा का चमकतो? कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून कारखान्यात किंवा धुण्याच्या पावडरीत एक रसायन घालतात. ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. आपली जुनी नीळ नुसता रंग चढवायची, हे तसं नाही, हे खरंच उजळतं. ही रसायनं सर्रास वापरात आली दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात. म्हणून कोणी १९४२ चा ब्रिटिश कमांडोंचा कापडी बिल्ला म्हणून काही विकत असेल आणि तो दिव्याखाली लखलखत असेल, तर संशय घ्यायला चांगलं कारण आहे. पण १९६५? तेव्हा ही रसायनं बाजारात मुरलेली होती. १९६५ चा अस्सल बिल्लाही चमकू शकतो. उलट १९४२ चा अस्सल बिल्ला गेल्या वर्षी कोणी हौसेनं पावडरीत धुतला असेल, तर तोही चमकेल. मी घरी आजोबांचं जुनं धोतर दिव्याखाली धरून पाहिलं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, धोतर त्याहून जुनं, पण आईनं मध्ये एकदा मशीनमध्ये टाकलेलं. चमकलं.

म्हणजे मामाच्या दुकानातली ती टेस्ट माझ्या केससाठी निरुपयोगी होती. ऑफिसमध्ये असं खूप होतं. बग सापडतो, आपण खूश होतो, आणि आपण जी ओळ बदलली तिचा त्याच्याशी संबंधच नसतो.

दिवा घ्यायचाच असेल तर ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्तातले बरेचसे ३९५ चे असतात, ते सगळ्यावर जांभळा उजेड मारतात आणि काहीच धड दिसत नाही. नॅनोमीटरचा आकडा वस्तूच्या वर्णनात लिहिलेला असतो, तेवढं वाचा.

बरं, मग मला नक्की कळलं कशावरून? कडेवरून.

तुम्ही फ्लॅश हातात घेतला की सगळ्यात आधी कड बघा. जुने अमेरिकन बिल्ले बहुतेक वेळा 'कट एज' असायचे. म्हणजे मोठ्या कापडावर मशीननं भरतकाम करायचं आणि नंतर कडेनं कापून तुकडा वेगळा करायचा. कड चपटी राहते, कुठे कुठे कापडाचे तंतू दिसतात. साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढे दुसरी पद्धत रुळली, 'मेरो' कड. साडीला पिको करतात किंवा शिंपी कपड्याला आतून इंटरलॉक मारतो, तशी गोल, जाड, दोरखंडासारखी कड. हे नाव मशीन बनवणाऱ्या कंपनीचं आहे. आणि या कंपनीची सुरुवात १८३८ साली कनेक्टिकटमध्ये बंदुकीच्या दारूच्या गिरणीनं झाली होती. सैनिकाशी नातं पहिल्यापासूनच होतं म्हणायचं.

मेरो कडेची खूण म्हणजे शेपूट. मशीन पूर्ण फेरी मारून येतं तिथे दोऱ्याचं टोक उरतं, ते मागे चिकटवून टाकतात. बोटानं चाचपलं तरी लागतं. माझ्या फ्लॅशला एकदम सुबक मेरो कड होती आणि मागे शेपूट होतं. १९६५ च्या अमेरिकन कारखान्यातली असती तर एक वेळ चाललं असतं. पण न्हा त्रांगच्या शिंप्याकडची?

त्या शिंप्यांचं काम कसं असायचं, ते संग्रहातले तुकडे पाहिले की लगेच कळतं. साध्या शिलाई मशीनवर सुईखाली कापड हातानं फिरवत फिरवत भरायचं. आपल्याकडे ब्लाउजच्या बाहीवर मशीनचं भरतकाम करणारे कारागीर करतात तसंच. त्यामुळे रेघा सरळ नसतात. तीन लाल रेघांपैकी एक जाड, एक बारीक. टाके एकीकडे दाट, एकीकडे विरळ. मागे जाळीचं कापड किंवा कागदसुद्धा सापडतो, जे हाताला लागेल ते. दोन तुकडे एकसारखे सापडत नाहीत. आणि माझे दोन? माझ्या फोनमध्ये ज्युनिअरला दिलेल्याचा फोटो होता. माझा तुकडा स्कॅन केला, दोन चित्रं एकावर एक ठेवली. टाक्याला टाका जुळला. दोन शिंप्यांचं सोडा, एका शिंप्याचेही दोन तुकडे असे जुळत नाहीत.

मग मागची बाजू. मला वाटतं या सगळ्या छंदात एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही, की विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. पुढची बाजू सगळे बघतात, म्हणून नक्कल करणारा सगळा जीव तिथे ओततो. मागे मात्र कारखान्याची सवय उघडी पडते. माझ्या फ्लॅशच्या मागे पातळ, गुळगुळीत प्लॅस्टिकची फिल्म होती, इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारी असते तशी. तिच्याखाली पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याच्या एकसारख्या, संगणकानं आखल्यासारख्या रांगा. मी तीन महिने ही वस्तू जपून ठेवली होती आणि एकदाही उलटी करून नीट बघितली नव्हती. पुढून छान दिसत होती ना.

अजून दोन-तीन गोष्टी पटकन. दोरा जाळून बघण्याची पद्धत ऐकली असेल. मागून सुटलेला एखादाच तंतू चिमट्यात धरायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो, लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमधला, १९४१ चा, आणि बाजारात ते नीट आलं पन्नाशीच्या दशकात. म्हणून महायुद्धातल्या बिल्ल्यात मणी झाला तर विषय संपला. १९६५ च्या बिल्ल्यात मणी झाला तर विषय संपत नाही. आणि कृपा करून अख्खा बिल्ला मेणबत्तीवर धरू नका. मला तसा मेसेज आलेला आहे.

मळकटपणाचं सांगायचं तर, जुनं दिसावं म्हणून चहात बुडवतात. खरंच. मी स्वतः करून पाहिलं, कसं ते पुढे येईल. चहाचा डाग सगळीकडे सारखा बसतो, पुढे, मागे, टाक्यांच्या फटीत. माणसानं घातलेली वस्तू अशी मळत नाही. घाम आणि तेल कडेला आणि टोकांना लागतं, ऊन फक्त पुढे लागतं, मागचा रंग ताजा राहतो.

आणि भोकं! हा माझा आवडता पुरावा. स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी फ्लॅशवर आपल्या हुद्द्याचं धातूचं चिन्ह लावतो, इतर सैनिक ग्रुपचा धातूचा बिल्ला लावतात. दोन्हींच्या मागे पिना असतात. म्हणजे खरोखर वापरलेल्या फ्लॅशला मधोमध पिनांची भोकं हवीत. धातूखाली झाकलेला भाग कमी विटलेला हवा. कधी तिथे हिरवट गंजाचा ठसा मिळतो. शिवाय फ्लॅश टोपीला शिवलेला असतो, तर कडेनं सुईच्या टाक्यांची बारीक भोकं हवीत. काकांनी १९६५ पासून घातलेल्या माझ्या फ्लॅशला एकही भोक नव्हतं. काकांनी तो कपाळाला खळ लावून चिकटवला असेल.

टोपीसकट मिळाला तर आणखी मजा. साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन बेरेट टोरांटोच्या डोरोथिया निटिंग मिल्सच्या आहेत, आत शिक्का असतो. पण टोपी अस्सल म्हणून फ्लॅश अस्सल असं होत नाही. जुन्या टोपीला नवा फ्लॅश शिवून 'जोडी' लावणं ही फार जुनी चाल. तिथे टोपीवरची रिकामी जुनी भोकं आणि नवे टाके जुळतात का, ते बघायचं.

काही फ्लॅश डिझाइनवरून सोपे असतात. पहिल्या ग्रुपचा पिवळा होता. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींचा खून झाला, त्यानंतर शोक म्हणून त्याला काळी कड आली. म्हणजे कड नसलेला पिवळा हा आधीचा, म्हणून महाग, आणि बनवायला तर आणखीच सोपा. सातव्या ग्रुपचा नुसता लाल. त्यात डिझाइन बघून काहीच कळत नाही, सरळ कडेवर आणि मागच्या बाजूवर यायचं. मला सातव्याच्या वाटेला जायचं धाडस अजून होत नाही.

आता खरी कलाटणी. एवढं सगळं झाल्यावर मी म्हणत फिरत होतो, मला नकली बिल्ला विकला. मग मागच्या वर्षी पुन्हा दोन आठवडे तिकडे जाणं झालं. फेएटव्हिलला सैनिकांचे कपडे, बूट, बिल्ले विकणारी साधी दुकानं आहेत. तिथे भिंतीवर पाकिटात लटकत होता पाचव्या ग्रुपचा फ्लॅश. काळा, पांढरी कड, पिवळा-लाल पट्टा. काही डॉलरला. कारण असं, की १९८५ मध्ये या ग्रुपनं पट्टा काढून पुन्हा नुसता काळा फ्लॅश घेतला होता. व्हिएतनामला लढलेल्यांना तो पट्टा म्हणजे तिथे गमावलेली माणसं. मार्च २०१६ मध्ये फोर्ट कॅम्पबेलला, केंटकीत, जिथे हा ग्रुप आता असतो, समारंभ झाला आणि पट्टा परत आला. म्हणजे आज नोकरीत असलेला सैनिक तोच फ्लॅश घालतो.

मी तो विकत घेतला, घरी येऊन माझ्या ११० डॉलरवाल्याशेजारी ठेवला. कड तीच, मागची फिल्म तीच, टाक्याला टाका तोच. नव्याला अर्धा तास कोऱ्या चहात बुडवला, वाळवला. मग आईला दोन्ही दाखवले, कोणता कोणता सांग. सांगता आलं नाही. मलाही नाही आलं, शेवटी मागे पेन्सिलीनं खूण करावी लागली.

थोडक्यात काय, माझ्याकडचा फ्लॅश नकली नव्हताच. नियमाप्रमाणे बनलेला, आज कुठलाही सैनिक घालेल असा चांगला फ्लॅश होता तो. नकली होते काका. ११० मधले काही डॉलर कापडाचे आणि बाकी सगळे त्या काकांचे.

ज्युनिअरला फोन करायला मला चार दिवस लागले. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं की त्याला कळणार कसं? त्यानं तर फ्रेम करून भिंतीवर लावलाय. आणि मी मुद्दाम थोडंच फसवलं? पण त्याला गोष्ट सांगितली होती मी. टेबलावरच्या माणसानं मला सांगितली, मी त्याला. तो उद्या कोणाला विकेल तेव्हा 'आमच्या एका दादाकडून घेतला, त्यानं अमेरिकेतून आणला' एवढं आणखी जोडून सांगेल. पाच वर्षांनी त्या गोष्टीला इतके साक्षीदार झाले असते की मीसुद्धा विश्वास ठेवला असता.

फोन केला. साडेनऊ हजार परत पाठवले. तो म्हणाला, "दादा, असू दे ना, भिंतीवर भारी दिसतो." मग त्याच्याशी ठरलं असं, की फ्लॅश त्याच्याकडेच राहील, फ्रेमच्या मागे चिठ्ठी लागेल: २०१६ नंतरचा, कारखान्यात बनलेला, चहात बुडवलेला. चिठ्ठी त्यानं लावली, मला फोटो पाठवला. मागच्या बाजूचा.

एक महत्त्वाचं, विशेषतः कॉलेजवाल्यांसाठी. हे जमवा, फ्रेम करा, पण रीलसाठी सैनिकाचा गणवेश आणि चिन्हं घालून सैनिक असल्याचा आव आणू नका. लोकांना तसं वाटावं म्हणून घातलं तर आपल्या कायद्यात तो गुन्हा आहे.

तुमच्याकडे असं काही असेल, आजोबांच्या ट्रंकेतलं, जुन्या बाजारातलं, तर फोटो पाठवा. उजेडात काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि दोन्ही बाजूंचे काढा. किंमत विचारू नका, ती मला सांगता येत नाही. पुढचा भाग टाइल्सचं काम संपल्यावर. भेटू.